वर, ओव्हर आणि अति

सातबारा घेऊन तलाठ्याकडे गेलेला शेतकरी ‘सर्व्हे नंबर’ विचारतो. सरकारी कालव्याच्या कामावर एके काळी ‘ओव्हरसियर’ यायचा. कारखान्यात पाळीवर ‘सुपरवायझर’ असतो. तीन ठिकाणचे तीन शब्द, पण मुळात तिन्ही एकच आहेत: वरून पाहणं. ‘ओव्हरसी’ हा इंग्रजीचा घरचा शब्द. ‘सुपरवाइज’ पंडितांनी लॅटिन ग्रंथांतून उचलला. ‘सर्व्हे’ हे त्याच लॅटिन शब्दाचं फ्रेंचांच्या तोंडी झिजलेलं रूप. १०६६ साली नॉर्मन इंग्लंडात आले आणि त्यांच्या मागोमाग असे झिजके शब्दही आले. लॅटिन ‘सुपर’ फ्रेंचमध्ये ‘सर’ झाला. म्हणून सरचार्ज म्हणजे वरचा आकार, सरप्लस म्हणजे वर उरलेलं आणि सरनेम म्हणजे मूळ नावावर चढवलेलं जादा नाव.

इंग्रजीला ‘वर’ सांगणारा हा उपसर्ग तीन दारांनी मिळाला. चौथं दार ग्रीकचं, ‘हायपर’. ही सगळी एका घरची भावंडं आहेत, आणि त्यांचं संस्कृतातलं भावंड म्हणजे ‘उपरि’. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचा उगम एकच असावा, असं विल्यम जोन्सनं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सांगितलं ते १७८६ साली. आपल्याला ‘उपरि’साठी इतकं लांब जायचं कारण नाही. प्राकृतात त्याचा ‘उवरि’ झाला आणि मराठीत ‘वर’. तिकडे जर्मानिक शाखेतही ‘प’ टिकला नाही. जर्मनमध्ये तो ‘ब’ होऊन ‘यूबर’ झाला. जुन्या इंग्रजीत ‘ofer’ला ‘फ’चं अक्षर लिहीत, पण उच्चार ‘व’चा करीत. म्हणजे ‘ओव्हर’मधला ‘व’ आणि ‘वर’मधला ‘व’ हे दोघे एकमेकांना न विचारता, हजारो मैलांवर, एकाच मुक्कामाला पोहोचले. मला हा योगायोग कुठल्याही व्युत्पत्तीच्या कसरतीपेक्षा मोहक वाटतो.

आता ‘वर’चं ‘फार’ कसं झालं? भांड्याच्या काठावर पाणी आलं की ते सांडतं, इतकं ते सोपं आहे. धरण ‘ओव्हरफ्लो’ झालं म्हणताना आपण दोन्ही अर्थ एकदम वापरतो. पण माणसाच्या स्वभावाला हा उपसर्ग लागला की तिथे वाद सुरू होतो, आणि त्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण हजार वर्षांपूर्वीचं आहे.

ऑगस्ट ९९१. इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात मॉल्डन गावाजवळ ब्लॅकवॉटर नदीच्या खाडीतल्या एका बेटावर व्हायकिंगांचा तळ पडला होता. बेट आणि काठ यांच्यामध्ये एक अरुंद वाट, तीही भरतीला पाण्याखाली जाणारी. एसेक्सचा सरदार बर्थनॉथ काठावर फौज घेऊन उभा. व्हायकिंगांनी खंडणी मागितली, त्यानं धुडकावली. ओहोटी लागली तेव्हा त्याच्या मोजक्या माणसांनी ती वाट अडवून धरली. मग व्हायकिंगांनी विनंती केली की, आम्हाला पलीकडे येऊ द्या, मोकळ्या रानात लढू. बर्थनॉथनं येऊ दिलं. तो मारला गेला, फौज हरली आणि त्याच वर्षी इंग्रजांनी दहा हजार पौंड चांदी खंडणी म्हणून मोजली.

या लढाईवर जुन्या इंग्रजीत एक काव्य आहे. त्याचं हस्तलिखित १७३१च्या आगीत जळालं, पण सुदैवानं त्याआधी नक्कल उतरवून ठेवली होती. कवीनं बर्थनॉथच्या निर्णयाचं कारण एका शब्दात दिलंय: ‘ओव्हरमोद’. ‘मोद’ म्हणजे मन, आजचा ‘मूड’. मन वर गेलं, फार वर गेलं. कुणी त्याचा अर्थ उदंड धैर्य असा लावतात. कादंबरीकार आणि जुन्या इंग्रजीचे अभ्यासक टॉल्किन यांनी १९५३ साली ठामपणे उलट लिहिलं की हा दोष आहे, सरदारानं आपल्या मोठेपणापायी माणसं मारवली. आमच्या गावच्या भाषेत त्याला माज म्हणतात. मी टॉल्किनच्या बाजूचा आहे, कारण इंग्रजीत ‘ओव्हर’ माणसाला चिकटला की बहुधा तक्रारच करतो. सुपरस्मार्ट पोराचं कौतुक होतं, ओव्हरस्मार्ट पोराला टपली बसते.

जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेच्या ‘यूबरमेन्श’ला, म्हणजे ‘वरच्या माणसा’ला, इंग्रजीत आणताना हीच अडचण आली असावी. बर्नार्ड शॉनं १९०३च्या नाटकात ‘सुपरमॅन’ केला आणि तोच रुळला. पुढे नीत्शेचा अनुवादक वॉल्टर कॉफमननं ‘ओव्हरमॅन’ हा नेमका प्रतिशब्द वापरला, पण तो विद्वानांपुरताच राहिला. चंद्रपूर-वणीच्या कोळसा खाणींत मात्र ओव्हरमन रोज कामावर जातो. पाळीतल्या कामगारांवर देखरेख करणारा हा वरचा माणूस भूमिगत खाणीत जमिनीच्या खाली काम करतो.

देखरेखीच्या शब्दांना आणखी एक खोड आहे. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूकही. वरून पाहणाऱ्याची नजर वरूनच निघून जाते. सरकारी टिपणीत हा शब्द आला की कोणता अर्थ घ्यायचा, हे टिपणी कुणाविरुद्ध आहे त्यावर ठरतं.

मराठी ‘वर’ मात्र अतिरेकाकडे फारसा वळला नाही. तो जादाकडे गेला: वरखर्च, वरकमाई. कुरघोडीकडे गेला: वरचढ, वरचष्मा. आणि उथळपणाकडे: वरवर. अतिरेकाचं खातं आपण ‘अति’कडे दिलं. या ‘अति’चा लॅटिन नातलग ‘एत्’. तिकडे त्याचा अर्थ नुसता ‘आणि’ असा उरला. ‘एट सेट्रा’मधला ‘एट’ तो हाच. त्यांचं ‘आणि’ जिथे थांबतं, तिथे आपली माती होते.

अलीकडे ‘अति’च्या शेजारी ‘ओव्हर’ येऊन बसलाय, तोही धातूला न चिकटता. ‘जास्त ओव्हर करू नकोस.’ ‘ती जरा ओव्हरच आहे.’ ही वाक्यं पुण्या-मुंबईच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येतील. ती शुद्ध मराठी आहेत, असंच माझं मत आहे. इंग्रजीत ‘ओव्हर’ असा एकटा उभा केला, तर त्याचा अर्थ होतो ‘संपलं’.