रक्तातले एलडीएल जाते कुठे?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ म्हणजे शरीरातला कचरा नव्हे. पेशींची आवरणे त्याच्यामुळे धड राहतात. पित्ताम्ले आणि स्त्री-पुरुषांची संप्रेरके त्याच्यापासूनच बनतात. आहारातून अजिबात मिळाले नाही तरी यकृत ते तयार करते. अडचण एवढीच, की ते पाण्यात विरघळत नाही आणि रक्त बहुतांशी पाणीच असते. म्हणून प्रथिने आणि मेद यांच्या अतिसूक्ष्म कणांत बसून ते शरीरभर फिरते. त्यांपैकी सर्वाधिक कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण म्हणजे एलडीएल. लिपिड प्रोफाइलच्या अहवालात ज्याचा आकडा वाढला की घरात काळजी सुरू होते, तो हाच. काही माणसांच्या रक्तात तो का साचतो, याचा माग काढत हृदयरोगाचे संशोधन जनुकातल्या एकेका अक्षरापर्यंत पोहोचले.

१९१३ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव या तरुण संशोधकाने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातले. सशांच्या महारोहिणीत मेदाचे थर साचले, आणि ते माणसाच्या रोगट रोहिणीतल्या थरांसारखेच होते. इतरांनी हा प्रयोग उंदीर आणि कुत्र्यांवर करून पाहिला, तेव्हा मात्र तसे काही घडले नाही. हे प्राणी जादा कोलेस्टेरॉलचे पित्ताम्लांत रूपांतर करून ते बाहेर टाकतात, हे नंतर समजले. तोवर सशाचा पुरावा माणसाला लागू नाही असे ठरवून अनेकांनी तो बाजूला सारला होता. एका चांगल्या प्रयोगाची ही उपेक्षा फार महागात पडली.

माणसातला पुरावा अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावातून आला. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे नियमित तपासणी होत राहिली. वाढलेले कोलेस्टेरॉल, उच्च रक्तदाब आणि धूम्रपान यांच्यामुळे हृदयविकाराचा धोका वाढतो, हे आज सर्वांच्या तोंडी असलेले सत्य या गावकऱ्यांच्या नोंदींतून पुढे आले. मात्र अशा पाहणीतून धोका कोणाला आहे ते कळते. शरीरात नेमके काय बिघडले आहे, ते कळत नाही.

ते कळले एका दुर्मीळ आजारामुळे. काही घराण्यांत पिढ्यान् पिढ्या ऐन तारुण्यात हृदयविकाराचे झटके येतात, आणि त्याच माणसांच्या टाचेमागच्या जाड कंडरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर मेदाच्या गाठी दिसतात, हे नॉर्वेच्या कार्ल म्यूलर यांनी १९३८ मध्ये नोंदवले होते. दोष आई किंवा वडील यांच्यापैकी एकाकडूनच आला, तर झटका साधारण चाळिशी-पन्नाशीत येतो. दोघांकडूनही आला, तर एलडीएल सामान्यांच्या सहा ते दहा पट असते आणि शाळकरी वयातच हृदयविकार जडतो. हे पथ्यापाण्याने घडवता येत नाही आणि पथ्यापाण्याने टाळताही येत नाही.

मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन तरुण डॉक्टरांनी अशी मुले पाहिली होती. पुढे टेक्सासमधील डॅलस येथे त्यांनी एक साधी पण धाडसी वाट निवडली. ज्या यकृतात कोलेस्टेरॉल बनते, ते रुग्णाच्या शरीरातून काढून अभ्यासता येत नाही. म्हणून त्यांनी रुग्णाच्या त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढवल्या. निरोगी पेशींना एलडीएल दिले की त्या स्वतः कोलेस्टेरॉल बनवणे थांबवत, एलडीएल काढून घेतले की पुन्हा सुरू करत. रुग्णांच्या पेशी मात्र एलडीएल कितीही दिले तरी कोलेस्टेरॉल बनवतच राहत. त्यामुळे ते बनवणारे एन्झाइमच बिघडले असावे, असा पहिला तर्क होता. मग त्यांनी एलडीएलऐवजी अल्कोहोलमध्ये विरघळवलेले कोलेस्टेरॉल रुग्णांच्या पेशींना दिले. ते आपोआप आत शिरले आणि एन्झाइम निमूटपणे थांबले! म्हणजे कारखाना ठीक होता. आलेला माल दारातून आत घेणारे कोणी नव्हते.

१९७४ मध्ये एलडीएलला किरणोत्सारी आयोडीन जोडून त्यांनी हे दाखवूनच दिले. निरोगी पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल घट्ट चिकटत असे, आई-वडील दोघांकडून दोष आलेल्या मुलांच्या पेशींवर जवळपास चिकटतच नसे. पेशीच्या आवरणावर एलडीएलला पकडणारे एक ग्राही प्रथिन असते आणि तेच इथे नादुरुस्त होते. पेशी आत घेत नाही म्हणून एलडीएल रक्तात फिरत राहते आणि रोहिण्यांच्या भिंतींत साचते.

एका मुलाच्या पेशींनी मात्र सर्वांना कोड्यात टाकले. त्यांच्यावर एलडीएल व्यवस्थित चिकटत होते, पण आत जात नव्हते. रिचर्ड अँडरसन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा उलगडा झाला. निरोगी पेशींत ही ग्राही प्रथिने आवरणावरच्या बारीक खळग्यांत एकत्र जमतात. खळगा आत ओढला जातो, एलडीएल आत उतरते आणि ग्राही प्रथिन पुन्हा पृष्ठभागावर येते. ही फेरी सुमारे दहा मिनिटांची. या मुलाची ग्राही प्रथिने खळग्यांत न जमता सगळीकडे विखुरलेली होती. १९८६ मध्ये त्याचे जनुक वाचले गेले. ८३९ अमिनो आम्लांच्या साखळीत ८०७ व्या जागी टायरोसीनऐवजी सिस्टीन बसले होते, आणि त्यासाठी डीएनएमधले एकच अक्षर बदललेले पुरेसे ठरले होते. आज १९ व्या गुणसूत्रावरील या जनुकातले दोन हजारांहून अधिक बदल माहीत आहेत. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

औषध शोधले जात होते जपानमध्ये. टोकियोतील सांक्यो कंपनीत अकिरा एन्डो यांनी १९७१ पासून सुमारे ६,००० प्रकारच्या बुरश्या आणि तत्सम सूक्ष्मजीव तपासले. कोलेस्टेरॉल बनवणारे एन्झाइम रोखणारा पदार्थ त्यांपैकी एखाद्यात तरी सापडेल, अशी त्यांची अटकळ होती. ‘पेनिसिलियम सिट्रिनम’ या बुरशीने तो दिला आणि त्यातून स्टॅटिन औषधांचा जन्म झाला. उंदरांवर त्याचा परिणाम दिसेना, तेव्हा काम गुंडाळण्याची वेळ आली होती. अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर दिसला, म्हणून ते तगले. पहिले स्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत बाजारात आले. १९९४ मध्ये स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत स्टॅटिनमुळे एकूण मृत्यूंत ३० टक्के घट झाली. औषधाची खरी किमया ग्राही प्रथिनातच आहे. यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनू लागले की यकृतपेशी ते रक्तातून मिळवण्यासाठी जास्त ग्राही प्रथिने तयार करतात. म्हणूनच ज्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी आहेत, त्यांना स्टॅटिनचा फारसा उपयोग होत नाही.

२००३ मध्ये या कथेत दुसरे जनुक आले. फ्रान्समधील काही कुटुंबांत एलडीएल खूप वाढलेले होते, पण ग्राही प्रथिनाचे जनुक निर्दोष होते. दोष पहिल्या गुणसूत्रावरच्या ‘पीसीएसके९’ या जनुकात सापडला. त्याचे प्रथिन एलडीएलच्या ग्राहीला चिकटते आणि त्याला पृष्ठभागावर परत येऊ देत नाही. पेशी त्या ग्राहीचे तुकडे करून टाकते. या कुटुंबांत ते प्रथिन गरजेपेक्षा जास्त जोमाने काम करत होते. मग हेच जनुक बंद असलेली माणसे कशी असतील? डॅलसच्याच हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी ती शोधून काढली. एका तरुणीच्या दोन्ही प्रती निकामी होत्या, तिचे एलडीएल अवघे १४ होते आणि तिची प्रकृती ठणठणीत होती. २००६ च्या त्यांच्या अभ्यासातला आकडा डॉक्टरांनी कायम लक्षात ठेवावा असा आहे. या जनुकातल्या बदलामुळे जन्मापासून एलडीएल केवळ २८ टक्के कमी असलेल्या आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांत हृदयविकाराचे प्रमाण ८८ टक्क्यांनी कमी होते. उतारवयात एलडीएल खूप उतरवण्यापेक्षा ते आयुष्यभर थोडे कमी असणे किती मोलाचे, हे यातून दिसले. या प्रथिनाला अडवणारी इंजेक्शने २०१५ पासून मिळू लागली. त्यानंतर वर्षातून दोनदाच घ्यावे लागणारे इंजेक्शनही आले, जे यकृतात हे प्रथिन बनूच देत नाही. २०२२ मध्ये न्यूझीलंडमध्ये एका रुग्णाच्या यकृतातील या जनुकाचे अक्षर थेट बदलण्याची चाचणी सुरू झाली. हे तंत्र अजून प्रायोगिक अवस्थेत आहे.

भारतीयांसाठी हा विषय दूरचा नाही. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी, सरासरी ५३ व्या वर्षी येतो असे आढळले. त्यामागे तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर अशी अनेक कारणे आहेत आणि सगळा दोष जनुकांवर टाकणे चूक ठरेल. पण आई-वडिलांपैकी एकाकडून आलेला हा एलडीएलचा दोष अडीचशे-तीनशे माणसांत एकाला असतो, आणि जगभरात बहुतेकांना त्याचा पत्ता पहिल्या झटक्यापर्यंत लागत नाही.

पत्ता लावणे मात्र अवघड नाही. घरातल्या पुरुषाला पंचावन्नच्या आत किंवा स्त्रीला साठीच्या आत झटका आला असेल, अथवा कोणाचे एलडीएल औषधाशिवाय १९० च्या वर असेल, तर त्या व्यक्तीची भावंडे आणि मुले या सर्वांची लिपिड तपासणी करून घ्यावी. दोषी जनुक असलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. ही तपासणी जवळपास कोणत्याही पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. मुलाच्या आठव्या-दहाव्या वर्षी दोष कळला, तर उपचार चाळिशीतल्या झटक्याच्या तीस वर्षे आधी सुरू करता येतात.