पोथीच्या शेवटच्या ओळी

ज्ञानेश्वरीच्या अखेरच्या ओवीपाशी फारसे कोणी रेंगाळत नाही. शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये टीका पुरी झाल्याची नोंद तिथे आहे आणि त्याच ओवीत सच्चिदानंदबाबा आदराने लेखक, म्हणजे लिहून घेणारे, झाल्याचेही सांगितले आहे. सांगणारा आणि उतरवून घेणारा एकाच ओवीत शेजारी बसले आहेत. हा केवळ उपचार नव्हे. ज्ञानेश्वरी छापली गेली १८४५ मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रयत्नाने. मधली साडेपाचशे वर्षे सुमारे नऊ हजार ओव्यांचा हा ग्रंथ जगला तो मुखोद्गत करणाऱ्यांमुळे आणि बोरू झिजवणाऱ्यांमुळे.

यावर कोणी म्हणेल, नक्कल ती नक्कल, थोरवी कवीची. पण नक्कल करणाऱ्याने पदरचे घालण्याचा मोह आवरला नाही तर काय होते, हे एकनाथांना दिसले होते. हातोहात उतरताना पाठ बिघडले होते. नाथ काही साधे नकलनवीस नव्हते. अठरा हजारांवर ओव्यांचे एकनाथी भागवत त्यांनी १५७३ मध्येच पुरे केले होते. तरी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांनी त्यात पदरची ओवी घालू नये, अशी ताकीद दिली. स्वतः ओवी रचू शकणाऱ्याने दुसऱ्याच्या ओवीची राखण करावी, याला मी भक्ती म्हणतो.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. अशा सेवेचे गोडवे गाऊन माणसाला पायरीवरच ठेवता येते, आणि देवळाबाहेरच ठेवलेल्या संत चोखोबांच्या बाबतीत तेच झाले. संत जनाबाईंचे दळणकांडणही दासीच्या वाट्याला आलेले काम होते. थोर आहेत ते त्यांचे अभंग, जाते नव्हे. लादलेल्या कष्टाला सेवा म्हणू नये. नाथांना निवड होती, म्हणूनच त्यांच्या मागे सरण्याला मोल आहे.

ज्यांची नावेही उरली नाहीत, अशा नकलकारांचे काय? जुन्या पोथ्यांच्या शेवटी त्यांच्या ठरावीक ओळी सापडतात. पाठ, कंबर, मान मोडून हे लिहिले आहे, तेव्हा पोथी जपा; तेल आणि पाणी लागू देऊ नका, एवढेच त्यांत मागितलेले असते.