बोटांचे सांधे जाड, पण संधिवात नाही

मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत अगदी ठणठणीत असते. मग पेन्सिल धरताना बोटे आखडू लागतात, बोटांचे सांधे जाड दिसतात, चाल बदलते, मांडी घालून बसणे जड जाते. बहुतेक वेळा निदान होते बालसंधिवाताचे. स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट सुरू होते. वर्ष उलटते, तरी गुण येत नाही.

अशा काही मुलांना संधिवात नसतोच. त्यांना असतो कूर्चा आणि हाडांच्या वाढीचा एक दुर्मीळ आनुवंशिक आजार. त्याचे नाव प्रोग्रेसिव्ह स्यूडोरूमॅटॉइड डिसप्लेझिया, म्हणजे संधिवातासारखा भासणारा, वयाबरोबर वाढत जाणारा विकार. भारतातही याची अनेक कुटुंबे आढळली आहेत.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. ते टिकण्यासाठी सीसीएन-६ हे जनुक शाबूत असावे लागते. या जनुकाचा आजाराशी असलेला संबंध १९९९ मध्ये उघड झाला. जनुकात बिघाड असला की कूर्चा झिजत जाते आणि हाडांची टोके रुंदावतात. म्हणजे सांधा जाड दिसतो तो सुजेमुळे नव्हे, रुंद झालेल्या हाडामुळे.

फरक कसा ओळखायचा? या आजारात सांधा गरम किंवा लाल होत नाही. ईएसआर, सीआरपी या तपासण्या सहसा नॉर्मल येतात. महत्त्वाचा धागा मिळतो तो पाठीच्या कण्याच्या साध्या एक्स-रेमधून, कारण मणके चपटे दिसतात. जनुकीय तपासणीने निदान पक्के होते.

हे निदान वेळेवर होणे गरजेचे आहे. स्टेरॉइडचा इथे उपयोग नसतो. उलट दीर्घकाळ घेतल्यास उंची खुंटते, वजन वाढते, हाडे ठिसूळ होतात.

आईवडील दोघेही वाहक, पण स्वतः निरोगी असतात. सदोष जनुक दोघांकडूनही येते, त्यामुळे एकट्या आईला बोल लावणे चुकीचे आहे. अशा जोडप्याच्या प्रत्येक गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामाच्या मुलीशी किंवा अन्य जवळच्या नात्यात लग्न झाल्यास दोघेही वाहक असण्याची शक्यता वाढते. कुटुंबातील जनुकीय दोष माहीत असेल, तर पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येते.

आजार मुळापासून बरा करणारे औषध आज नाही. फिजिओथेरपी, पोहण्यासारखा सांध्यांवर भार न टाकणारा व्यायाम, वजनावर ताबा आणि गरजेपुरती वेदनाशामके यांचा आधार मिळतो. खुबा फारच झिजला, तर तरुणपणीही सांधेरोपण करावे लागते. बुद्धीवर मात्र काहीच परिणाम होत नाही. शाळेत जमिनीऐवजी बाक, लिहायला जादा वेळ आणि तळमजल्यावरचा वर्ग मिळाला, तर ही मुले शिकतात, पुढे जातात.

म्हणून मुलाच्या ‘संधिवाता’वर औषधांचा परिणाम दिसत नसेल आणि रक्ततपासण्या नॉर्मल असतील, तर गोळ्या मनानेच बंद करू नका. कण्याचा एक्स-रे काढायचा का, एवढे डॉक्टरांना जरूर विचारा.