जुन्या प्रोजेक्टरांतील निळे किरण

गेल्या चैत्रांत आमच्या थोरल्या नातवानें भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेला एक प्रोजेक्टर घरीं आणिला. भिंतीवर चित्रें पाडणारें हें यंत्र कोठल्याशा शाळेंत कांहीं वर्षें राबून बंद पडलें होतें. माजघरांत सतरंजीवर त्याची चिरफाड सुरू झाली, तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "हें मढें घरांत कशाला?" नातू उत्तरला, "आई, यंत्र मेलंय, पण पोटांतले चोवीस डायोड जिवंत असतील." या एका वाक्यावरून आमच्या घरांत पंधरा दिवस जो वाद माजला, त्याचा व त्यांतून आम्हांस जें शिकावयास मिळालें त्याचा वृत्तांत येथें देत आहों. ज्या घरीं शिकणारीं मुलें आहेत त्या घरीं हें प्रकरण आज ना उद्यां यावयाचेंच.

प्रथम ही वस्तु काय तें सांगतों. लेसरचा पहिला किरण १९६० सालीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडींतून काढिला. आपल्या रत्नशास्त्रांतील पद्मराग तो हाच. १९६२ सालीं रॉबर्ट हॉल यांनीं तेंच काम अर्धवाहकाच्या एका कणाकडून करून घेतलें. निळा किरण मात्र पुष्कळ काळ कोणाच्या हातीं लागेना. तो जपानांत शूजी नाकामुरा यांनीं गॅलियम नायट्राइडाच्या साह्यानें १९९० नंतरच्या दशकांत साधिला. पुढें २०१० च्या सुमारास कॅसिओ कंपनीनें पाऱ्याचा दिवा नसलेले प्रोजेक्टर बाजारांत आणिले. त्यांत सुमारें एक वॅट प्रकाश देणारे, ४४५ नॅनोमीटर तरंगलांबीचे २४ निळे लेसर-डायोड एका धातूच्या ठोकळ्यांत बसविलेले असत. त्यांचा प्रकाश फिरत्या चकतीवरील फॉस्फरच्या लेपावर पडला म्हणजे हिरवा रंग निघे. तांबड्यासाठीं निराळा दिवा असे. (आम्ही जन्मभर संस्कृत शिकविलें; तरी लेसर आणि डायोड या शब्दांना ओढूनताणून प्रतिशब्द घडविण्याचा हट्ट आम्ही धरीत नाहीं.) असें यंत्र बंद पडतें तें बहुधा पंख्यामुळें, चकतीच्या मोटरीमुळें किंवा वीज पुरविणाऱ्या भागामुळें. डायोड पुष्कळदां धडधाकट राहतात, आणि ते भंगारांत जातात.

त्यांना बाहेर काढणें ही मात्र हातोडीपेचकसाची गोष्ट नव्हे. यंत्राची पिन उपसली तरी आंतल्या मोठ्या कपॅसिटरांत ३०० व्होल्टांहून अधिक दाब कांहीं काळ टिकून राहूं शकतो. म्हणून मीटरनें तो उतरल्याची खात्री झाल्यावांचून आंत बोट घालूं नये. हा धोका माणसाला. डायोडाचा शत्रु याहून सूक्ष्म आहे. तो म्हणजे अंगावर सांचलेली घर्षणाची वीज. दाराच्या कडीला हात लावतांना चटका बसतो तेव्हां ती वीज सुमारें ३००० व्होल्टांच्या वर गेलेली असते. त्याखालची आपल्याला कळतही नाहीं. आणि डायोडाचें नेहमींचें काम चालतें अवघ्या चार-साडेचार व्होल्टांवर!

हें आम्हीं पुस्तकांतून शिकलों नाहीं. पहिला डायोड सुटून आला, तेव्हां आम्ही पूजा आटोपून कद नेसूनच तेथें गेलों आणि कौतुकानें तो बोटांच्या चिमटींत धरिला. त्या कोरड्या दुपारीं रेशमानें अंगावर काय सांचविलें होतें देव जाणे. पण तो डायोड पुढें कधीं लेसर झाला नाहीं. वीज दिली कीं समईसारखा मंद निळा उजेड पडे, इतकेंच. प्रकाश बाहेर पडण्याची त्याच्या कणाची कड जळली म्हणजे असेंच होतें. अपराध आमच्या कदाचा हें सिद्ध करतां येत नाहीं. तथापि नातवाचा आरोप तोच आहे, आणि आम्हांस प्रतिवाद सुचलेला नाहीं. तेव्हांपासून मनगटाला जमिनीशीं जोडलेला पट्टा बांधल्याशिवाय आम्ही त्या टेबलापाशीं जात नाहीं.

यापुढची रीत अशी. मागील बाजूस डायोडांचे पाय एका पातळ पट्टीला डाखाने जोडलेले असतात. डाख सोडविण्यापूर्वींच प्रत्येक डायोडाच्या पायांभोंवतीं तांब्याची बारीक तार गुंडाळून ते एकमेकांस जोडून टाकावे; पायांत अंतर राहिलें नाहीं म्हणजे त्यांच्यामध्यें दाब उभा राहत नाहीं. सोल्डरिंगची इस्तरी जमिनीशीं जोडलेली असावी. एका पायाला दोनतीन सेकंदांहून अधिक उष्णता देऊं नये, व मध्यें थंड होऊं द्यावें. पाय पिळूं नयेत. ते कांचेच्या टिकलींतून आंत गेलेले असतात, ती तडकली कीं संपलें.

आतां सर्वांत नाजूक भाग. डायोडाची टोपी पातळ पत्र्याची असून तिच्या माथ्यावर कांचेची खिडकी असते. खालचें तळकडें मात्र भक्कम असतें. जोर द्यावयाचा तो या कड्यालाच, टोपीला कधींही नाहीं. कडें पुढून बसविलेलें असेल तर पाय आंत शिरतील अशी पोकळ नळी मागून टेकवून हळूहळू दाबावें. तें मागून बसविलेलें असेल तर टोपीवर दाबण्याचा मोह आंवरावा आणि बाजूनें बारीक करवतीनें धातूला चीर पाडून घर सैल करावें. चुरा खिडकीवर उडूं नये म्हणून तिच्यावर आधीं चिकटपट्टी न लागेल असें झांकण ठेवावें. आमचें स्वतःचें मत असें कीं शक्य असेल तेथें डायोड त्याच्या धातूसकट कापून घ्यावा. उष्णता वाहून नेणारी ती बैठक काढून टाकिली तर दुसरी द्यावीच लागते, आणि ती न देतां जळविलेले डायोड पुष्कळ आहेत.

दुसरा डायोड नातवानें मारिला. हे डायोड ठराविक दाबावर नव्हे, ठराविक प्रवाहावर चालवावे लागतात. त्याकरितां प्रवाह आंवरणारी मंडली म्हणजे ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर चालूच असतां त्याच्या चिमट्याचा पाय निसटला. नातवानें तो झटकन पुन्हां टेकविला. मधल्या क्षणांत ड्रायव्हरच्या कपॅसिटरांत वीज सांचली होती, ती एकदम डायोडांत शिरली. म्हणून आधीं तारा पक्क्या डाखवाव्या, कपॅसिटर रिकामा करावा, मग पायांभोंवतालची तार कापावी, आणि सर्वांत शेवटीं वीज सोडावी.

आणखी एक सूचना. साधा मीटर डायोड तपासतांना बहुधा तीन व्होल्टांपर्यंतच दाब देतो. निळ्या डायोडाला तो पुरत नाहीं. मीटर गप्प राहतो, आणि मुलें चांगला माल मेला समजून फेंकतात. पंचवीस मिलिअँपिअरसारखा अगदीं अल्प प्रवाह दिला कीं जिवंत डायोड मंद उजळतो. लेसर होण्यास त्याला याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो. तारा उलट मात्र जोडूं नयेत.

आतां वादाचें मूळ. पहिल्या रात्रींच नातू काळा चष्मा लावून पुरा प्रवाह द्यावयास निघाला होता. सूनबाई दारांत उभ्या राहिल्या. "मामंजी, त्याला सांगा. प्रोजेक्टरांतला डायोड सोडवून आणलास. डोळा गेला तर तो कुठून सोडवून आणणार?" आम्हीं चष्मा काढून घेतला. अर्ध्या वॅटाहून बलवान लेसर चौथ्या, म्हणजे शेवटच्या, धोकावर्गांत मोडतो. उन्हांत भिंगानें कापूस पेटतो, तसें डोळ्याचें भिंग हा किरण नेत्रपटलावरील एका बिंदूवर एकवटतें. पापणी मिटण्यास पाव सेकंद लागतो. तेवढ्यांत इजा होऊन गेलेली असते. ताटावरून, आरशावरून परतलेला किरणही तितकाच घातक. उन्हाचा काळा चष्मा येथें कवडीमोल आहे. ज्यावर ४४५ नॅनोमीटरसाठीं ओडी ४ किंवा अधिक असें छापलें आहे, म्हणजे प्रकाशाचा दहा हजारावा भागच आंत सोडतो, असा चष्मा पाहिजे. नातू दोन दिवस आमच्याशीं बोलला नाहीं.

चष्मे यावयास आठ दिवस लागले. तोंवर माडीवरच्या खोलींतील आरसा उतरविला, भांडीं हलविलीं, किरण अडवावयास काळी वीट मांडिली. सोडविलेल्या आठांपैकीं सहा डायोड शिल्लक आहेत. पाय काळ्या वीजवाहक फोमांत खोंचून ते एका पत्र्याच्या डब्यांत, आमच्या पोथ्यांच्या कपाटांत ठेविले आहेत. उरलेले सोळा ठोकळ्यांतच राहूं दिले. एक डायोड सागवानी फळीवर घराच्या नांवाचीं अक्षरें जाळीत आहे. "स"ची वेलांटी थोडी वांकडी आली. कपाटाची किल्ली सूनबाईंच्या कमरेला असते. चष्मे दोनच मागविले होते, एक नातवाचा, एक आमचा. परवां सूनबाईंनीं तिसरा मागविला.