पंप चालूच, मग टाकी सांडत का नाही?

मोठ्या फिश टँकसमोर उभे राहिलात की मासे बघण्याआधी एकदा वरच्या कोपऱ्यातली नळी बघा. तिच्यातून पाणी सारखं आत पडतं. दिवसभर पडतं, रात्रभर पडतं. चार फुटी टाकीत तासाला हजाराहून जास्त लिटर पाणी सहज येतं! मग टाकी भरून ते फरशीवर का येत नाही?

तुम्ही म्हणाल, "जेवढं येतं, तेवढंच जात असेल." अगदी बरोबर! पण जेवढ्यास तेवढं हे मोजतं कोण? तिथे मीटर नाही, माणूस नाही, कॉम्प्युटरही नाही.

टाकीच्या कोपऱ्यात एक उभा कप्पा दिसेल. त्याचा वरचा काठ दातेरी असतो. पाणी काठापर्यंत चढलं की दात्यांमधून कप्प्यात पडतं आणि पाइपातून खालच्या कपाटात लपवलेल्या दुसऱ्या टाकीत जातं. त्या टाकीचं नाव संप. अमरावती-अकोल्यात कितीतरी घरांच्या अंगणाखाली असतो ना, तसाच हा संप. तिथून मोटर पाणी गच्चीवर चढवते, इथे छोटा पंप ते माशांकडे परत पाठवतो. वाटेत स्पंज कचरा अडवतो. शिवाय माशांच्या घाणीतून तयार होणारा विषारी अमोनिया असतो. संपातल्या सच्छिद्र दगडांवर राहणारे जिवाणू आधी त्याचं नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात.

आता त्या दातेरी काठाजवळ डोळे न्या. पाणी काठाला नुसतं टेकलेलं नसतं, काठाच्या थोडं वर असतं. हा वरचा थर म्हणजेच आपला हिशेबनीस! समजा पंपाने जास्त पाणी टाकलं. पातळी जराशी वाढते. थर जाड झाला की काठावरून पाणी जास्त वेगाने आणि जास्त प्रमाणात जातं. जाणारं पाणी येणाऱ्या पाण्याइतकं झालं, की पातळी तिथेच थांबते. पंप मंदावला तर थर पातळ होतो आणि पाणीही कमी जातं. म्हणजे पाणी स्वतःची उंची बदलून स्वतःच हिशेब जुळवतं.

थर दुप्पट जाड झाला तर पाणी दुप्पट जाईल, असं वाटतं ना? जातं पावणेतीनपटीहून जास्त! साधा सपाट काठ २० सेंटीमीटर रुंद असेल आणि त्यावर १ सेंटीमीटर थर असेल, तर तासाला सुमारे १,३०० लिटर पाणी जातं. थर २ सेंटीमीटर झाला की हाच आकडा ३,७०० लिटरच्या आसपास पोचतो. कारण जाड थरात पाण्याला वाट मोठी मिळते आणि वेगही वाढतो. म्हणून पंपाचा जोर वाढला, तरी पातळी जेमतेम बोटभर हलते.

हेच गणित आपल्या वऱ्हाडात फार मोठ्या प्रमाणावर चालतं. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे. अमरावती शहर त्याचंच पाणी पितं. नदीचा उगम मध्य प्रदेशात, मुलताईकडे. तिकडे मुसळधार पाऊस झाला की इकडे आवक वाढते आणि पेपरात बातमी येते, "अप्पर वर्धाचे दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना इशारा." या धरणाला १३ दरवाजे आहेत. त्यातले किती उघडायचे, किती सेंटीमीटर उचलायचे, हे माणसांना ठरवावं लागतं. आवक किती, विसर्ग किती, यावर पुराच्या रात्री डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. अकोल्याला पाणी देणाऱ्या महानच्या काटेपूर्णा धरणावरही पावसाळ्यात हीच धावपळ असते.

गावाजवळच्या लहान तलावाला मात्र बहुतेक वेळा दरवाजा नसतो. असतो नुसता सांडवा, म्हणजे बांधापेक्षा मुद्दाम खाली ठेवलेला काठ. पूर आला की सांडव्यावरचा थर जाड होतो, पूर ओसरला की पातळ होतो. कुणी जागं राहायला नको! फिश टँकचा दातेरी काठ म्हणजे घरातला सांडवाच.

म्हणूनच एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खाली जाणारा पाइप कॉक फिरवून दाबू नका. पाणी कमी-जास्त करायचंच असेल, तर पंपाच्या बाजूने करा. जायची वाट पंपाच्या ताकदीपेक्षा मोठीच हवी. आणि शेवाळ किंवा गोगलगाय पाइपात अडकली तर? त्यासाठी शहाणे लोक थोडा उंच असा दुसरा पाइप बसवतात. एरवी तो रिकामाच असतो, संकटात मात्र धावून येतो.

आता खरी परीक्षा. लाइन गेली! पंप बंद. काठावरचा थर खाली संपात उतरतो. आपली टाकी १२० सेंटीमीटर लांब आणि ४५ सेंटीमीटर रुंद आहे, असं धरा. १ सेंटीमीटर थर म्हणजे ५.४ लिटर पाणी. इथवर ठीक. पण वर पाणी चढवणाऱ्या नळीचं तोंड पाण्यात ५ सेंटीमीटर बुडालेलं असेल, तर तीच नळी उलटी वाहू लागते! वरून पाणी ओढत राहते, तोंड उघडं पडेपर्यंत. एकूण २७ लिटर पाणी खाली येतं. संप ६० सेंटीमीटर लांब आणि टाकीइतकाच रुंद, म्हणजे ४५ सेंटीमीटर असेल, तर त्यातली पातळी १० सेंटीमीटर वाढते. संप आधीच गच्च भरलेला असला की पाणी फरशीवर! उपाय अगदी सोपा आहे. नळीला पाण्याच्या पातळीजवळ बारीक भोक पाडायचं. पातळी भोकाखाली गेली की हवा आत शिरते आणि ओढ तुटते. शिवाय संपात जागा रिकामी ठेवायची.

वऱ्हाडातला उन्हाळा तर माहीतच आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात गेला की टाकीतलं पाणी भराभर उडतं. तरी वरची पातळी जिथल्या तिथे दिसते, कारण तिला काठ सांभाळतो. घट सगळी संपात दिसते. तिथे पाणी फार उतरलं की पंप हवा ओढतो आणि गुरगुरतो. म्हणून रोज संपात डोकवायचं. आपल्याकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथलं बोअरचं पाणी खारट असतं. पाणी उडतं, क्षार मात्र मागेच राहतात आणि प्रत्येक भरीबरोबर वाढत जातात. त्यामुळे नुसती भर घालून भागत नाही, अधूनमधून थोडं पाणी बदलावंही लागतं.

आता तुमची पाळी! प्लास्टिकचा रिकामा डबा घ्या. मोठ्यांच्या मदतीने त्याच्या काठाला २ सेंटीमीटर रुंद आणि ३ सेंटीमीटर खोल खाच कापा. डबा बादलीत उंच पाटावर ठेवा, म्हणजे पाणी वाया जाणार नाही. नळ बारीक सोडा, पाणी खाचेतून वाहू द्या आणि पातळी थांबली की पेनाने रेघ मारा. मग नळ थोडा वाढवा. पातळी चढेल आणि पुन्हा थांबेल. दुसरी रेघ मारा. प्रत्येक वेळी एक तांब्या भरायला किती सेकंद लागतात, तेही लिहून ठेवा. धारेचं पाणी दुप्पट झालं, तेव्हा खाचेतल्या थराची उंचीही दुप्पट झाली का? की दीडपटीच्या आसपासच थांबली? उत्तर तुमच्या दोन रेघांमध्ये आहे.