गाडी तापली? आधी झाकणाला हात लावू नका!

हा भाग गाडी चालवताना ऐकत असाल, तर एकदा डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्याकडे नजर टाका. मध्याच्या आसपास आहे ना? मग ऐका निवांत.

विषय सुचला तो किन्हवलीच्या एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजवरून. तो भाड्याने गाडी चालवतो. म्हणाला, "दादा, शहापूरच्या बाजारात गर्दीत अडकलो की काटा चढतो, हायवेला लागलो की आपोआप खाली येतो. तीन गॅरेज फिरलो, तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या."

अरे भावा, अर्धं निदान तर तूच करून ठेवलंयस! गाडी *कधी* तापते, हाच यातला सगळ्यात मोठा पुरावा असतो. पळत्या गाडीच्या रेडिएटरला समोरचा वारा लागतो. उभ्या गाडीला तो मिळत नाही, तिथे सगळी मदार फॅनवर. म्हणजे गर्दीत तापते आणि हायवेला थंड होते, तर आधी फॅन बघायचा. फ्यूज, रिले, मोटर, वायर. एक सोपी चाचणी: गाडी उभी करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच फिरायला लागतो. नाही फिरला, तर दुखणं तिथेच असण्याची शक्यता जास्त.

आता उलटा प्रकार. गावात ठीक, पण कसारा घाट चढताना काटा वर. इगतपुरी समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे. मे महिन्याची दुपार, गाडीत सात माणसं, वर एसी. इंजिनाला जीव तोडून काम करावं लागतं आणि उष्णताही तेवढीच जास्त तयार होते. तेव्हा रेडिएटर आतून चोंदलेला असेल, कूलंट कमी असेल किंवा वॉटर पंप, ज्याला आपले मिस्त्री 'वॉटर बॉडी' म्हणतात, तो थकलेला असेल, तर ते चढावरच उघडं पडतं.

आणि घरातून निघाल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापली तर? थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा संशय घ्या. हा एक छोटा वॉल असतो. इंजिन गार असताना तो बंद राहतो आणि साधारण ८०-९० अंशांना उघडून पाणी रेडिएटरकडे सोडतो. आपल्याकडे एक जुनी सवय आहे, 'वॉल काढून टाका, कटकटच नको.' माझं मत विचाराल तर हा जुगाड करू नका. मग इंजिन नीट गरमच होत नाही, अ‍ॅव्हरेज पडतं आणि मूळ दुखणं झाकलं जातं.

आता ज्यासाठी हा भाग केला, ते सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही मुरबाडहून माळशेजला निघालो होतो. टोकावडं मागे पडलं, चढ लागला आणि बोनेटमधून वाफ यायला लागली. गाडी बाजूला घेतली. मामेभावाने ओलं फडकं घेतलं आणि मी 'थांब' म्हणेपर्यंत रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं. मनगटापासून कोपरापर्यंत हात भाजला. डाग अजून आहे.

असं का होतं? बंद झाकणामुळे आत दाब असतो. त्या दाबामुळे पाणी १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपासही पाणीच राहतं. तुम्ही झाकण सैल केलं की दाब गेला, आणि त्यातल्या काही पाण्याची त्याच क्षणी वाफ होते. कुकरची शिट्टी काढायची घाई घरात कोणी करतं का? तेच हे.

म्हणून काटा वर जाताना दिसला की एसी बंद, खिडक्या उघड्या आणि हीटर फुल. हो, मे महिन्यातही! हीटर इंजिनातलीच उष्णता बाहेर काढतो. हीटरमधून गार हवा आली तर समजा, आत कूलंटच उरलेलं नाही. काटा लालवर गेला किंवा लाल दिवा लागला, तर सुरक्षित जागा बघून थांबा आणि इंजिन बंद करा. 'दोन किलोमीटरवर तर गाव आहे' म्हणत ओढत नेलेल्या गाडीचं हेड वाकतं, गॅस्केट जातं. आणि तापलेला काटा अचानक पार खाली पडला तरी खुश होऊ नका. कधी कधी पाणी संपल्यामुळे सेन्सर कोरडा पडलेला असतो.

मग किमान अर्धा-पाऊण तास थांबायचं. फॅनजवळ हात नको, तो बंद गाडीतही अचानक फिरू शकतो. इंजिन गार झाल्यावरच पाणी घाला. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो.

पाणी कोणतं? रस्त्यात अडकलात तर पिण्याच्या बाटलीतलं चालेल. पण रोज बोअरचं नको, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात. भातसा, तानसा आपल्या शहापुरात, पाणी मुंबईला आणि उन्हाळ्यात इथे टँकर, त्यामुळे मिळेल ते पाणी ओतायची सवय का लागली हे मला कळतं. तरी रेडिएटरसाठी कूलंटच घ्या. कॅनवर 'रेडी टू यूज' नसेल तर डिस्टिल्ड वॉटर मिसळा.

गळती दिसत नाही, तरी कूलंट कमी होतंय? ऑईलची पट्टी काढून बघा. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं किंवा इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केटचा संशय. मग गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

किन्हवलीच्या दोस्ता, उद्या गॅरेजला गेलास की 'गाडी तापते' एवढंच सांगू नकोस. 'उभी राहिली की तापते, पळाली की उतरते, एसी लावला तरी फॅन फिरत नाही' असं सांग. काय निघालं ते व्हॉइस मेसेजवर कळव, पुढच्या भागात सगळ्यांना ऐकवू.