टाक्याचा धागा

मोताळा तालुक्यातल्या एका धुऱ्यावर भल्या सकाळी बैल पाडून ठेवला होता. रानडुकरांसाठी ओढलेल्या काटेरी तारेत तो रात्री शिरला आणि छातीपुढची कातडी वीतभर फाटली. जखम धुण्यातच अर्धा तास गेला. माती, काड्या, चिकटलेले केस निघाल्याशिवाय कोणताही धागा कामाचा नाही. मग कडेकडेनं भूल टोचली आणि पेटी उघडली.

कॅटगट मेंढ्या-गुरांच्या आतड्यापासून बनतो. शरीर त्याला हळूहळू पचवून टाकतं, म्हणून आतल्या स्नायूला तोच घेतला. कातडीत मात्र तो ओल धरून फुगतो, गाठ सैल पडते, भोवती सूज येते. रेशीम हाताला मऊ, गाठ बसवाल तिथे बसते. पण ते विणलेलं. दिव्याची वात तेल ओढते तशी बाहेरची घाण आत ओढतं. एका पावसाळ्यात मी रेशमानं शिवलेल्या गाईच्या टाक्याटाक्याखाली पाचव्या दिवशी पू होता. तिचे हाल मी विसरलेलो नाही.

कातडीला नायलॉन घेतला. एकेरी, गुळगुळीत, जंतूंना दडायला फट नाही. खोड एकच, गाठ सुटू पाहते. म्हणून गाठीवर गाठ, चार-पाच वेळा. बैलाची कातडी चिवट, तिला तीनधारी सुई लागते. चालताना छातीवर ताण येतो, तेव्हा आडवे मॅट्रेस टाके घातले. कडा एकमेकींना जेमतेम भेटाव्यात, इतकंच ओढायचं. जास्त आवळलं तर रक्त पोचत नाही आणि कड काळी पडते. खालच्या टोकाला बोटभर जागा उघडी ठेवली, आतलं पाणी निचरायला.

"साहेब, हा धागा विरघळते काय?"

"नाही भाऊ. बारा दिवसांनी काढावा लागेल. तोवर जू नाही. माशी बसू देऊ नका, अळ्या पडतील."

मालक गप्प झाला. कपाशीची डवरणी तोंडावर होती. पॉलिग्लॅक्टिनचा धागा 56 ते 70 दिवसांत आपोआप विरघळतो, पण महाग, आणि तोही विणलेलाच. गोठ्यातल्या शेणामुतात बसणाऱ्या जनावराला मी नायलॉनच लावतो. मालकाला पेठेत यायला जमणार नसेल तर काढायला आपण जायचं.

तेराव्या दिवशी गेलो. चिमट्यानं गाठ उचलली, कातडीलगत एका बाजूनं कात्री लावली, म्हणजे बाहेरचा मळका धागा आतून ओढला जात नाही. आठही टाके कोरडे निघाले. निचऱ्याची जागा भरली होती. मालकानं त्या रेघेवरून बोट फिरवलं; बैलानं कातडी थरथरवली आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं.